फिरोजी फुलदाणीला वय विचारू नका

‘घ्यायची तर जुनीच घ्या, नव्यात काही दम नाही.’ फिरोजी फुलदाणीचा विषय निघाला की हा सल्ला हमखास मिळतो. घरसजावटीच्या पुरवण्यांत तो छापून येतो, इंटिरिअर डिझायनर तो देतात, जुन्या वस्तूंचे व्यापारी तर देणारच. तो आता इतका अंगवळणी पडलाय की जयपूरला जाऊन आलेली माणसं तिथून आणलेली फुलदाणी दाखवताना ‘साधीच आहे हं, नवी आहे’ असं ओशाळून सांगतात. मला हे ओशाळणं पटत नाही. ज्या सल्ल्यापायी ते आलंय तो सल्लाच चुकीचा आहे.

सल्ला देणाऱ्यांवर अन्याय नको, म्हणून त्यांचं म्हणणं आधी त्यांच्याच बाजूने सांगते. जुन्या फुलदाण्यांचा फिरोजी रंग खोल असतो आणि तो साधण्याची विद्या आता लोपली, असं ते म्हणतात. झिलईवरचं बारीक तड्यांचं जाळं ही वयाची खूण, असं ते मानतात. आजचा माल पर्यटकांच्या गळ्यात मारायला काढलेला, ठिसूळ, पाणी झिरपणारा असतो, ही त्यांची तक्रार. आणि शेवटी हुकमी पत्ता: जुन्या वस्तूची किंमत वाढतच जाते.

रंगापासून सुरुवात करू, कारण सगळा मामला मुळात रंगाचाच आहे. फिरोजी रंग देतं तांबं. झिलई म्हणजे भांड्यावर चढवलेला काचेचा पातळ थर, आणि त्या काचेत तांब्याचा ऑक्साइड विरघळला की रंग येतो. पण कोणता रंग येणार हे काचेत आणखी काय आहे यावर ठरतं. झिलईत सोड्यासारखे क्षार भरपूर असतील तर तांबं फिरोजी होतं. त्याच तांब्याला शिसं घातलेली झिलई दिली तर ते पानासारखं हिरवं होतं. भट्टीत हवा कोंडून धूर केला तर तेच तांबं लाल होतं. खालचं अंग पांढरं असेल तर फिरोजी उजळतो, लोहयुक्त लाल मातीवर तो मळतो. यात गुपित असं काहीच नाही. सोडा, तांबं, पांढरं अंग आणि भट्टीत खेळती हवा एवढं जमलं की कोणत्याही शतकात, कोणत्याही देशात फिरोजीच निघतो.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इजिप्तच्या मध्य राज्यकाळातला एक छोटा पाणघोडा आहे. त्याचं वय चार हजार वर्षांच्या आसपास. दळलेल्या गारगोटीचं त्याचं अंग, वर तांब्याची फिरोजी झिलई. इराणमध्ये काशान गावच्या कुंभारांच्या नामांकित घराण्यातल्या अबुल कासिम याने १३०१ साली आपल्या ग्रंथात घडणीचा मसाला लिहून ठेवलाय: दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेची पूड, एक भाग पांढरी चिकणमाती. आता जयपूरच्या कारखान्यात जाऊन विचारा, कशाचं भांडं घडवता? उत्तर मिळेल: गारगोटीची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती, बांधणीला कतीरा गोंद आणि थोडा खार. सातशे वर्षांचं अंतर आहे आणि मसाला जवळजवळ तोच आहे. जी विद्या लोपली म्हणून सांगितलं जातं ती आज सकाळीही कुणीतरी परातीत मळत बसलंय.

आणि वयाने रंग खोल होतो हे तर साफ खोटं. झिलई काच आहे, आणि काच मुरत नाही. मराठवाड्याच्या हद्दीला लागून असलेल्या बीदरला महमूद गवानचा १४७२ सालचा मदरसा आहे. त्याच्या उरलेल्या मिनारावर आणि दर्शनी भिंतीवर निळ्या-फिरोजी फरशांचे तुकडे अजून टिकून आहेत. साडेपाचशे वर्षं ऊनपाऊस खाऊन ते टिकले यात आनंद आहे, पण ते बांधकामाच्या वेळेपेक्षा अधिक फिरोजी झालेले नाहीत. उलट जमिनीत गाडल्या गेलेल्या झिलईचं काय होतं ते सीरियातल्या रक्का इथे सापडलेल्या भांड्यांवर दिसतं. ओल लागून काच कुजते, थर सुटतात, वर चंदेरी-जांभळी झाक येते. ती झाक दिसते सुंदर, आणि तिचे चाहतेही पुष्कळ आहेत. पण ती रंगाची परिपक्वता नव्हे, झिलईची झीज आहे.

आता तड्यांकडे वळते, कारण व्यापाराचा खरा डोलारा या तड्यांवरच उभा आहे.

मुंबईत मटन स्ट्रीटवरच्या एका दुकानात मालकांनी सुरईच्या घाटाची एक फिरोजी फुलदाणी आतून काढून माझ्यासमोर ठेवली. वीतभर उंच, मान बारीक, पोट गोल. झिलईवर माशांच्या खवल्यांएवढ्या घरांचं जाळं, आणि प्रत्येक तडा तपकिरी रेघेने ठळक झालेला. ‘मॅडम, ये क्रॅक सौ-डेढ़सौ साल के बिना नहीं आता,’ मालक म्हणाले. मी फुलदाणी उलटी केली. बुडाच्या कडेला झिलई नव्हती, तिथे लाल माती दिसत होती. ती कड एकाच दिशेने घासलेली होती. समांतर ओरखडे, पॉलिशपेपरचे असतात तसे. फुलदाणी वर्षानुवर्षं फडताळावर सरकवली, उचलली, ठेवली गेली तर तिच्या बुडावर ओरखडे सगळ्या दिशांना उमटतात, आणि ते सारखे खोल नसतात. तड्यांतला तपकिरी रंगही मानेपासून बुडापर्यंत एकसारखा होता. खरा डाग असा कवायत करत बसत नाही. जिथे पाणी साचलं, जिथे हात लागला, तिथे तो गडद होतो, बाकी ठिकाणी जेमतेम दिसतो. चहाच्या गडद पाण्यात भांडं बुडवून ठेवलं तर मात्र तो असा इमानदारीत सगळीकडे बसतो. मी ती फुलदाणी परत ठेवली.

पण समजा ते डाग खरे असते, तरी ‘शंभर वर्षांशिवाय तडे येत नाहीत’ हे विधान खोटंच ठरलं असतं. तडे का जातात? सोड्याची झिलई थंड होताना खूप आकसते. तिच्याखालचं मातीचं अंग तेवढं आकसत नाही. मग वरचा काचेचा थर ताणला जातो आणि फाटतो. हे बहुतेक वेळा भांडं भट्टीतून निघतं त्याच दिवशी सुरू होतं. कुंभाराच्या कारखान्यात नव्या मालाच्या फळीपाशी उभं राहिलं तर बारीक टिणटिण ऐकू येते, ते तडे जात असल्याचे आवाज. काही भांड्यांची टिणटिण चार-आठ दिवस चालते. सच्छिद्र अंगाने हवेतली ओल शोषली आणि ते किंचित फुगलं तर काही महिन्यांनीही नवे तडे उमटतात. म्हणजे तडे वय सांगत नाहीत, झिलई आणि अंग यांचं जमलं नाही एवढंच सांगतात.

आणि गंमत अशी की फिरोजीला लागणारी क्षारांची झिलईच सगळ्यांत जास्त तडकणारी आहे. जो गुण तिला फिरोजी करतो तोच तिला तडकवतो. लाल मातीवर चढवलेली फिरोजी झिलई कालची असली तरी जाळीदार होणारच. गारगोटीच्या अंगावर ती त्यामानाने बरीच नीट बसते, कारण गारगोटीही थंड होताना चांगली आकसते. इजिप्तपासून काशानपर्यंत आणि काशानपासून जयपूरपर्यंतच्या कारागिरांनी चिकणमातीसारखा सोपा माल सोडून घडवायला अवघड अशी गारगोटी का पत्करली, त्याचं एक मोठं कारण हेच. तडे टाळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या खपलेल्या या लोकांचा वारसा आज तड्यांच्या नावाने विकला जातो, याची मला चीड येते.

गारगोटी घडवायला अवघड म्हणजे किती अवघड, हे आजच्या कारागिराला ‘हात नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा जवळून बघावं. या लगद्याला चिकणमातीसारखा चिवटपणा नसतो, त्यामुळे अख्खी फुलदाणी चाकावर वर ओढता येत नाही. लगदा पोळीसारखा थापून साच्यात बसवतात. तो आत कोसळू नये म्हणून त्यात राख ठासून भरतात, मग साचा उलटा करून राख काढून घेतात. पोटाचे दोन अर्धे असे वेगवेगळे निघतात. सुकल्यावर ते त्याच लगद्याने जोडतात. मान आणि बूड चाकावर फिरवून घेतात आणि पुन्हा जोडतात. मग घासून सांधे मिटवायचे, वर पांढरं अस्तर द्यायचं, ते सुकवायचं. त्यानंतर चितारी बसतो. खारीच्या केसांचा कुंचला, कोबाल्टची बाह्यरेषा, आत तांब्याचं भरण. कोबाल्टचा ऑक्साइडही काळा आणि तांब्याचाही काळाच. चितारी निळं फूल आणि फिरोजी पान काढत असतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर फक्त काळपट-करड्या छटा असतात. कुठे किती जाड लावलं तर भट्टीनंतर काय दिसेल, हे तो अंदाजाने नव्हे तर सवयीने जाणतो. वरून झिलईत बुडवून भांडं एकदाच भट्टीत जातं, ८००-८५० अंशांच्या आसपास. दुसरी संधी नाही. भट्टी विझवल्यावर दोन-तीन दिवस थांबावं लागतं. घाई केली, गार हवा लागली, की माल तडकला. सांधा नीट बसला नसेल तर फुलदाणी कमरेतून सुटते. एवढं सगळं पार पडून जी फुलदाणी आपल्या हातात येते तिला ‘साधीच आहे, नवी आहे’ म्हणायचं?

पर्यटकांचा माल, हा पुढचा आक्षेप. इथे इतिहास आक्षेपकांच्या बाजूने मुळीच नाही.

ज्या जुन्या फुलदाण्यांचे मुंबईत गोडवे गायले जातात त्यांत सर ज. जी. कला विद्यालयाच्या मातकामाचा मान मोठा आहे, आणि तो योग्यच आहे. या शाळेची स्थापना १८५७ ची. १८७०च्या दशकात शाळेचे अधीक्षक जॉर्ज टेरी यांनी तिथे मातकामाला चालना दिली. सिंधच्या झिलईदार भांड्यांची परंपरा आणि अजिंठ्याच्या चित्रांचे नमुने तिथे एकत्र आले. त्याच सुमारास याच शाळेतले जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या प्रतिकृती करत होते, त्यामुळे लेण्यांतली चित्रं फुलदाण्यांच्या पोटावर उतरायला वेळ लागला नाही. टेरी यांच्या ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’चा माल कोणासाठी होता? मुंबईतल्या साहेबांच्या दिवाणखान्यांसाठी आणि परदेशातल्या प्रदर्शनांसाठी. बाहेरून आलेल्या माणसाला भावेल असा देशी नमुना, हाच त्यामागचा विचार. आजच्या भाषेत सांगायचं तर तो शुद्ध पर्यटकी माल होता. आज त्यातले नग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, आणि आपल्या भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातही बघता येतात. कोणासाठी घडवलं यावरून कलावस्तू खालची ठरत असती तर हे नग संग्रहालयात गेलेच नसते.

जयपूरची गोष्ट तर याहून बोलकी आहे. महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तिथल्या कलाशाळेत हे काम शिकवलं जाऊ लागलं. तिथे ही कला दिल्लीकडच्या कारागिरांकडून आली असं सांगतात. म्हणजे ‘पिढीजात जयपुरी’ म्हणून जिची ख्याती आहे ती कलासुद्धा त्या काळात तिथे नवीनच होती. आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती जवळपास संपली. करणारे उरले नाहीत, कारण घेणारे उरले नव्हते. तिला उठवून उभं केलं ते कृपालसिंह शेखावत यांनी. १९२२ चा जन्म, शिक्षण शांतिनिकेतनात. संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावट नंदलाल बोस यांच्या देखरेखीखाली झाली, त्या कामात त्यांचा हात होता. मुळात ते चित्रकार. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि महाराणी गायत्रीदेवी यांच्या पाठबळावर १९६०च्या दशकात ते या कामात उतरले. जयपूरच्या सवाई रामसिंह शिल्पकला मंदिरात त्यांनी ही कला पुढच्या पिढीला शिकवली, रंग वाढवले, नमुने वाढवले. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २००८ मध्ये ते गेले.

आज कृपालसिंहांच्या हातची फुलदाणी कुठे मिळाली तर ‘जुनीच घ्या’वाले तिच्यावर उडी घेतील. पण १९६५ साली ती नवी होती. त्या वर्षी सगळ्या गिऱ्हाइकांनी हाच सल्ला मानला असता, जयपूरचा नवा माल बाजूला सारून फक्त शतकापूर्वीचं शोधत बसले असते, तर आज जयपुरात भट्टी पेटलेली दिसली नसती. जुनं जुनं होईपर्यंत टिकतं ते कुणीतरी ते नवं असताना विकत घेतलेलं असतं म्हणून. माझा या सल्ल्यावरचा मोठा राग इथे आहे. घेणाऱ्याचे पैसे बुडतात ते बुडतातच. पण त्याहून वाईट म्हणजे कारागिराच्या हातातलं काम जातं. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुंभाराला तुमच्या पैशांचा उपयोग नाही. आजच्या कुंभाराच्या मुलाने हेच काम करायचं की गाव सोडून शहरात चौकीदारी करायची, हे तुमच्या खरेदीवर ठरतं.

ठिसूळपणाच्या आणि पाणी झिरपण्याच्या तक्रारीत तथ्य आहे. ते मी नाकारत नाही. ८५० अंशांना भाजलेलं अंग सच्छिद्र राहतं. १२०० अंशांच्या वर भाजलेल्या स्टोनवेअरसारखं ते दगडी होत नाही. आतून झिलई नसेल किंवा पातळ असेल तर पाणी झिरपणार आणि लाकडी मेजावर गोल डाग पडणार. पण हा दोष नव्याचा नाही, जातीचा आहे. इराणातलं, मुलतानचं, सिंधचं, जयपूरचं, जुनं-नवं सगळंच असं अंग कमी-अधिक झिरपतं. जुन्यात तर तडे आधीच गेलेले असतात, त्यामुळे ते जास्त झिरपतं. उपाय साधा आहे: फुलदाणीत मावेल असा काचेचा किंवा स्टीलचा पेला आत ठेवा आणि फुलं त्यात ठेवा. रोज पाणी बदलून निशिगंध ठेवायचाच असेल, मुलांचा-मांजरांचा धक्का लागणार असेल, तर फिरोजी स्टोनवेअर घ्या. खुर्जाला आणि इतरत्र ते चांगलं बनतं. जयपुरी फुलदाणीकडून घागरीचं काम मागू नये.

नव्या मालात भिकार मालही भरपूर आहे, हेही खरं. लाल मातीच्या भांड्यावर ऑइलपेंट मारून ‘जयपूर ब्लू पॉटरी’ म्हणून विकतात. कारखान्यात छापलेली नक्षी चिकटवून ‘हँडपेंटेड’ म्हणतात. पण यावरून सगळं नवं टाकाऊ ठरवायचं असेल तर चहात बुडवलेल्या त्या सुरईवरून सगळं जुनं टाकाऊ ठरवावं लागेल. ओळखायला शिकणं हाच मार्ग, आणि ते फार कठीण नाही. फुलदाणी उलटी करा. बुडाची बिनझिलईची कड पांढरट, रवाळ, साखरेच्या खड्यासारखी दिसली तर अंग गारगोटीचं. लाल दिसली तर ती जयपुरी पद्धतीची नव्हे, कोणी काहीही सांगो. नक्षीवर नख फिरवा. खरा रंग झिलईच्या खाली असतो, नखाला लागत नाही. पेंट लागतो, कडेला त्याचा टवकाही निघतो. एकच फूल दोन-तीन जागी शोधा. हाताने काढलेली फुलं सख्खी भावंडं वाटतील, हुबेहूब एक नसतील. फिरोजी जिथे खोबणीत साचलाय तिथे तो गडद आणि धारेवर पातळ दिसायला हवा. सगळीकडे सपाट एकच छटा असेल तर शंका घ्या. पोटाच्या मध्यावर बोट फिरवलं तर सांध्याची किंचित उंची कधी कधी जाणवते. काही जण तो दोष समजून फुलदाणी परत करतात. मला तीच फुलदाणी हवी असते.

जुनी घेणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट कायद्याची म्हणून समजून घ्यावी. आपल्याकडे पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू त्यात पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. पुण्या-मुंबईतून न्यू जर्सीला किंवा लंडनला लेकीच्या घरी फुलदाणी नेणारी कुटुंबं मला माहीत आहेत. त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. दुकानदार ‘दीडशे वर्षांची’ म्हणाला की त्याला दोन गोष्टी मागा: परवाना आणि वय लिहिलेली पक्की पावती. वय खरं असेल तर तुमच्या डोक्यावर कायद्याची जबाबदारी येते. वय खोटं असेल तर पावती मागताच दीडशेचे चाळीस होतात. दोन्ही बाबतींत ते कळलेलं बरं.

परदेशात राहणाऱ्यांसाठी आणखी एक उदाहरण, कारण हे खूळ तिकडेही आहे. फ्लॉरेन्सजवळच्या मोंतेलूपो फियोरेंतिनो गावात बितोस्सीचा सिरॅमिक कारखाना आहे. तिथल्या आल्दो लोंदी यांनी १९५०च्या दशकात ‘रिमिनी ब्लू’ नावाची मालिका केली. मातीवर हाताने उमटवलेले ठसे आणि त्यावर निळ्यापासून फिरोजीपर्यंतच्या छटा, अशी ती. जगभरचे ‘व्हिंटेज’ शौकीन तिच्या मागे असतात. ही मालिका त्याच कारखान्यात आजही निघते. सत्तर वर्षांपूर्वीचा नग आणि यंदाचा नग शेजारी ठेवला तर फरक शोधायला भिंग लागावं. तरी जुन्यासाठी पैसे मोजायचे असतील तर मोजा, पण ते रंगासाठी किंवा कारागिरीसाठी मोजतोय असं स्वतःला सांगू नका.

गुंतवणुकीबद्दल फार लिहीत नाही. टवका उडाला की किंमत कोसळते, अस्सलपणाचा कागद नसेल तर विकताना तोच व्यापारी तिला ‘रिप्रॉडक्शन’ म्हणतो. पैसे वाढवायला बँक आहे.

मग जुनी घ्यायचीच नाही का? घ्यावी की. वंडरलँडचा खुणेचा शिक्का असलेला नग, कृपालसिंहांच्या हातचं काम, आजीच्या माहेरून आलेली नक्षीची सुरई, हे समोर आलं आणि परवडलं तर मीही घेईन. पण घेईन ते कोणी केलं हे माहीत आहे म्हणून, किंवा घाट मनात भरला म्हणून. निव्वळ वयासाठी नाही. कारण वय हा फुलदाणीचा गुण नव्हे, तो तिच्या नशिबाचा भाग आहे. वाईट घाटाची, घाईत रंगवलेली, वाकड्या मानेची भांडी एकोणिसाव्या शतकातही निघत होती, आणि त्यातली काही न फुटता आपल्यापर्यंत पोहोचली आहेत. ती जुनी झाली, चांगली झाली नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी फिरोजी फुलदाणी हातात घ्याल तेव्हा ‘किती जुनी?’ हा प्रश्न दुकानदाराला विचारू नका. ‘कुठे घडवली, कोणी रंगवली?’ असं विचारा. जयपूरला जात असाल तर बाजारातल्या चकचकीत दुकानांवर न थांबता कारखान्यात जा, जमलं तर कोट जेवरसारख्या गावापर्यंत जा. चितारी काळ्या रंगाने फिरोजी पान काढताना बघा. मग त्याच फळीवरची एक घ्या, घासाघीस न करता घ्या, आणि पावतीवर कारागिराचं नाव लिहून घ्या.